पट्ट्यावरची जाळी

मित्रांनो, मी एक लोखंडी जाळी आहे आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. जाळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खिडकी आली असेल, नाहीतर दुधाच्या पातेल्यावर झाकतात ती बारीक जाळी. मी त्यांतली नव्हे. खिडकीच्या जाळीला निदान रस्त्याची गंमत बघायला मिळते. माझा जन्म यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर बसण्यासाठी झाला. आयुष्यभर एका जागी बसून एकच पट्टा बघायचा, एवढंच माझ्या नशिबात असायला हवं होतं. तसं झालं असतं तर तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नसतं आणि ते फार बरं झालं असतं.

सुरतेला पांडेसऱ्यात कापड रंगवण्याचे पुष्कळ कारखाने आहेत. त्यांतल्याच एका कारखान्याच्या कोपऱ्यावर आनंदा नावाच्या वेल्डरचं दुकान होतं. तो मराठवाड्यातला. बोलायला कमी, पण हात चालू असला की गुणगुणायचा. त्यानं लोखंडी पट्ट्यांचा चौकटीसारखा सांगाडा केला, त्याला तीन बाजूंनी आणि वरून जाड तारेची वीण बसवली आणि मला हिरवा रंग दिला. मला न्यायला कारखान्याचे मॅनेजर नटुभाई आले होते. आनंदानं त्यांना विचारलं, "साहेब, एका बाजूला बिजागरी लावून देऊ का? दारासारखी उघडंल. नाहीतर दर टायमाला सगळी जाळी उतरवावी लागंल बघा."

नटुभाई घाईत होते. ते म्हणाले, "पछी करशुं, भाई. अभी नट-बोल्ट पर चलेगा."

'पछी' म्हणजे नंतर. मी जन्मल्यावर ऐकलेला हा पहिला शब्द. पुढे तो मी इतक्यांदा ऐकला, की कारखान्याचं खरं नाव तेच असावं असं मला वाटू लागलं. तर अशी मी बिजागरीशिवाय, चार नटांवर कारखान्यात आले.

मला ज्या यंत्राशी बांधलं, त्याला सगळे हायड्रो म्हणत. विहिरीच्या कठड्याएवढं गोल लोखंडी पिंप. त्यात रंगवलेलं ओलं कापड भरायचं, पिंप गरगर फिरायचं आणि कापडातलं पाणी पिळून निघायचं. शेजारी मोटर आणि मोटरीच्या चाकावरून पिंपाच्या चाकावर गेलेला रबरी पट्टा. हा पट्टा पळायला लागला की दिसेनासा व्हायचा. नुसती काळी सावली उभी आहे असं वाटायचं. जवळून गेलेली शर्टाची बाही, गळ्यातला गमछा, बांगडीचा हात, त्याला सगळं सारखंच. तो दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. त्याला थांबता येत नव्हतं आणि म्हणून त्याच्यापुढे मी होते.

आमच्या कोपऱ्यात धोके काय थोडे होते? फरशी सदा ओली. पाण्याचा माठ पलीकडे, त्यामुळे तहान लागली की प्रत्येकाला पट्ट्याच्या अंगावरून जावं लागे. हायड्रोची कळ यंत्राजवळ नव्हती. समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या बोर्डावर होती आणि मध्ये कापडाच्या उंच गाड्यांची रांग. बोर्डाजवळच्या माणसाला हायड्रो दिसत नसे आणि हायड्रोजवळच्या माणसाला बोर्ड. हे सगळं मला दिसत होतं. पण जाळीला कोण विचारतं? मी आपली माझं काम करत होते. कोणाचा पाय घसरला तर तो माझ्यावर येऊन आदळायचा, दोन शिव्या देऊन उठायचा आणि पाणी प्यायला जायचा. त्या शिव्या मला गोड लागत, कारण देणारा धडधाकट असायचा.

हायड्रो चालवायचा वाल्मिक. खान्देशातला, पारोळ्याकडचा. बोलका, थट्टेखोर आणि यंत्राला जीव लावणारा. पट्टा ओला झाला की घसरतो, मग त्याला राळ चोळावी लागते. त्यासाठी वाल्मिक मला चार नट खोलून उतरवायचा आणि काम झालं की परत बसवायचा. "ही जाळी म्हणजे माझी दुसरी बायको. रोज रुसवा काढावा लागतो," असं तो म्हणायचा आणि सगळे हसायचे. मलाही तेव्हा बरं वाटायचं.

त्याची पहिली, म्हणजे खरी बायको रंजना. ती बमरोलीच्या चाळीत राहायची आणि तिच्या हातच्या मांड्यांची ख्याती पार कारखान्यापर्यंत पोचली होती. मांडे म्हणजे खान्देशातली खापरावरची पुरणपोळी. ती पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत पसरवतात आणि उपड्या खापरावर टाकतात. वाल्मिकच्या डब्यात मांडे असले की नटुभाईसुद्धा काहीतरी निमित्त काढून हायड्रोकडे यायचे. चाळीत कोणाचं लग्न असलं की रंजनाला आधी आवतण असायचं, कारण तिच्यासारखे हात त्या वस्तीत दुसरे नव्हते.

रंजनाला मी वर्षातून एकदाच बघायची, दसऱ्याला. त्या दिवशी कारखाना बंद. यंत्रं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालायच्या. आमच्याकडे अशी रीत होती की ज्याचं यंत्र, त्याच्या घरच्या बाईनं त्याला हळदकुंकू लावायचं. मग नारळ फोडायचा आणि नारळ फुटल्याचा आवाज आला की तिकडून प्रवीण वायरमननं कळ दाबून यंत्राला एक फेरा द्यायचा. मग फाफडा-जलेबी खाऊन सगळे घरी. पूजेसाठी मला उतरवत, कारण कुंकू चाकाला लावायचं असे. देवाच्या तोंडावर जाळी कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं. चाकाला हळद, मोटरीला कुंकू, पट्ट्यालासुद्धा फूल. माझ्या वाट्याला कधी अक्षताही आल्या नाहीत. खोटं कशाला सांगू, मला त्याचं वाईट वाटायचं. मी भिंतीला टेकून फुगून बसायची.

पण रंजना मला विसरत नसे. फेरा झाला, वाल्मिक जलेबीकडे वळला, की ती हळूच म्हणायची, "आधी जाळी लाई टाका, मंग जेवा."

"लावस वं, लावस. जाळी काय पळी जाई ऱ्हायनी का?" वाल्मिक म्हणायचा. पण तो मला बसवूनच जेवायचा. ती नट आवळेपर्यंत पदर सावरून तिथंच उभी असायची.

मग प्लेगच्या साथीचं वर्ष आलं. तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारा, ते सांगतील. निम्मं सुरत रातोरात रिकामं झालं. आमचे खान्देशी, वऱ्हाडी, मराठवाड्याचे कामगार मिळेल त्या गाडीला लोंबकळून गावाकडे गेले. वाल्मिकही बायकोला घेऊन गेला. यंत्रं थांबली. कारखान्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. थोड्या दिवसांनी साथ ओसरली तशी माणसं परतू लागली. वाल्मिक आला, पण रंजनाला त्यानं मागे गावीच ठेवलं.

परत आलेल्या प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. कोणी शिंकलं की बाकीचे मागे सरायचे. जो जंतू कोणाला दिसत नव्हता त्याला सगळे भीत होते आणि जो पट्टा रोज डोळ्यांसमोर पळत होता त्याच्या अंगाला घासून पाण्याला जात होते. माणसांचं हे मला कधी कळलं नाही.

त्या वर्षीचा दसरा घाईघाईत झाला. माल तुंबला होता. वाल्मिकनं मला उतरवलं, चाकाला स्वतःच कुंकू लावलं, नारळ फोडला. फेरा झाला. पण या खेपेला "आधी जाळी लाई टाका" म्हणणारं कोणी नव्हतं. वाल्मिकनं माझ्याकडे बघितलं, पान्हाही हातात घेतला. तेवढ्यात नटुभाई आले.

"वाल्मिक, पछी करजे ने. पहले माल निकाल. पार्टी बैठी है."

वाल्मिकनं पान्हा खाली ठेवला. तो पान्हा माझ्यासाठी पुन्हा उचलला गेला नाही.

दोन दिवस मी भिंतीशी होते. मग माझ्यामुळे गाड्या वळवायला अडचण होते म्हणून मला मागच्या आवारात नेऊन टाकलं. माझे नट दुसऱ्या कुठल्या यंत्राला लागले. आणि गंमत अशी, की मी नसल्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. उलट राळ लावणं सोपं झालं. पट्टा उघडा, हात घातला की झालं. वाल्मिकही म्हणाला, "जाळी नसंल तर काम कसं झपझप होतं." दुसऱ्या बायकोचं कौतुक तेवढंच होतं म्हणायचं. दिवस गेले, काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून काही होणार नाही अशी सगळ्यांची खात्री पटली. आवारात पडल्या पडल्या मला पट्ट्याचा आवाज ऐकू यायचा. पूर्वी तो माझ्या अंगातून जायचा. आता तो भिंतीपलीकडून यायचा आणि मी काही करू शकत नव्हते.

आवारात वॉचमनची बायको सरलाबाई राहायची. एकट्या कामगारांना ती भाकऱ्या करून घालायची. उन्हाळ्यात तिनं मला चार विटांवर आडवं ठेवलं, वर जुनं धोतर अंथरलं आणि माझ्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले. मदतीला कोण आलं असेल? रंजना. ती नुकतीच गावाहून परतली होती.

माझा हिरवा रंग उडून गेला होता. अंगावर गंज चढला होता, वरून धोतर. तिनं माझ्यावर हात फिरवून विचारलं, "हाई कोनी जाळी शे वं, सरलाबाई?"

"कोनीच नही. पडेल व्हती तठे."

मित्रांनो, मी कोणाची होते ते मला माहीत होतं. ती माझ्यावर वाकून बिबडे पसरत होती आणि भिंतीपलीकडे तिचा नवरा उघड्या पट्ट्यात हात घालून राळ चोळत होता. मला तोंड असतं तर मी तिचं नाव घेऊन ओरडले असते. तिला एवढंच कळायला हवं होतं, की ज्या जाळीसाठी ती दर दसऱ्याला उभी राहायची ती हीच. पण मी लोखंड. उन्हानं तापले, तेवढंच. "कितली चांगली तपस," असं म्हणून तिनं माझं कौतुक केलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला तिनं त्याच आवारात सगळ्यांसाठी मांडे केले. इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं, ते मी त्या दिवशी जवळून बघितलं. गोळा तिच्या डाव्या हातावरून उजव्या हातावर जात होता आणि दर वेळी थोडा मोठा होत होता. शेवटी तो इतका पातळ झाला की त्यातून पलीकडचं ऊन दिसलं. कुठे फाटला नाही, कुठे जाड राहिला नाही. सरलाबाई बघत बसली आणि म्हणाली, "हातस्मा काय जादू शे वं तुन्हा." रंजना लाजली. तिच्या हातांवर पिठाची पांढरी धूळ होती आणि उजव्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या.

मग पुन्हा दसरा आला. साथीनंतरचा पहिला धडधाकट दसरा म्हणून नटुभाईंनी सगळ्यांना बायकापोरांसह बोलावलं. प्रसाद ठेवायला टेबल कमी पडलं तेव्हा कोणाला तरी मी आठवले. मला घासून आणलं, आडवं घातलं, वर वर्तमानपत्रं पसरली आणि फाफडा, जलेबी, फुलं, नारळ सगळं माझ्यावर मांडलं. कुठे? हायड्रोच्या शेजारी. वर्षानं मी माझ्या पट्ट्यासमोर आले होते. तो उघडाच होता. एका हाताच्या अंतरावर मी आणि माझ्या अंगावर जलेब्या.

रंजना नवं लुगडं नेसून आली. पूजेच्या वेळी मी टेकायची ती भिंत रिकामी बघताच तिनं विचारलं, "आहो, जाळी कोठे शे?"

"व्हई कोठे तरी. मंग लाई टाकसू," वाल्मिक म्हणाला. "आते यंत्र बंदच शे. ते काय करी तुले?"

बंद यंत्राला कोण भितं? ते पोरासारखं नटून बसलेलं असतं. रंजनानं हळदीची वाटी घेतली.

दर वर्षी पहिला नारळ हायड्रोचा असे. पण त्या दिवशी गर्दी होती, जलेबी थंड होत होती. नटुभाई म्हणाले, "बेउ साथे करो. दोन्ही यंत्रांची पूजा संगाथे." म्हणून पलीकडच्या रंगाच्या यंत्राजवळही नारळ घेऊन एक जण उभा राहिला. गाड्यांच्या रांगेमागे बोर्डाजवळ प्रवीण. हा बदल त्याला कोणी सांगितला नाही.

रंजनानं मोटरीला हळद लावली. मग खाली वाकून उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि चाकाच्या कडेला टेकवलं. तिथं पट्टा चाकात शिरतो.

पलीकडे नारळ फुटला.

प्रवीणचं त्यात काय चुकलं? त्यानं दर वर्षीचा पहिला नारळ ऐकला. पहिला नारळ म्हणजे हायड्रो. त्यानं हायड्रोची कळ दाबली.

मी ते सगळं सांगणार नाही. बांगड्या फुटल्याचा आवाज आला, एवढं सांगते. वाल्मिकनं तिला कमरेला धरून मागे खेचलं, प्रवीणनं किंकाळी ऐकून कळ वर केली. सगळं एका श्वासात झालं. माझ्यावरचा प्रसाद कोणाच्या तरी धक्क्यानं ओल्या फरशीवर सांडला. मी त्याच जागेसाठी घडवलेली होते. माझं माप त्याच चाकाचं होतं. एक हात पुढे कोणी मला ढकललं असतं तरी पुरे झालं असतं. आणि मी तिथं टेबल होऊन पडले होते.

रंजनाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

त्यानंतर काय झालं ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. दुसऱ्याच दिवशी नटुभाई आनंदाला घेऊन आले. ते रात्रभर दवाखान्यात बसले होते, डोळे सुजलेले होते. आनंदानं माझा गंज खरवडला, मला रंग दिला आणि एका बाजूला बिजागरी बसवली. आता राळ लावायला मला उतरवावं लागत नाही. दारासारखं एक पान उघडतं आणि मिटतं. हायड्रोची कळ बोर्डावरून काढून यंत्राजवळ आणली. माठ दुसरीकडे हलवला. जे काम इतकी वर्षं 'पछी' होतं, ते एका दुपारी झालं. त्यातलं कुठलंही अवघड नव्हतं. बिजागरी बसवता बसवता आनंदा एवढंच म्हणाला, "हे मी तवाच म्हणलो होतो." नटुभाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही.

प्रवीण महिनाभर कामावर आला नाही. वाल्मिक आला, पण त्याची थट्टा आली नाही. डब्यात सरलाबाईची भाकरी असायची. मला उघडायचा, राळ लावायचा, मिटायचा आणि मिटल्यावर एकदा हलवून बघायचा. एकदा कोणी नसताना त्यानं माझ्या तारांना डोकं टेकलं आणि तो रडला. मला काय करता येणार होतं? मी त्याचं कपाळ धरून राहिले.

चाळीतल्या एका लग्नात रंजना मांडे शिकवायला बसली होती, असं वाल्मिक कामावर परतलेल्या प्रवीणला सांगत होता. ती तोंडानं सांगत होती आणि दुसऱ्या बायका करत होत्या. त्यांचे मांडे फाटत होते. शेवटी तिनं न राहवून स्वतः गोळा हातात घेतला. डाव्या हातावरून उजव्या हातावर आला आणि तिथून खाली पडला. तिनं तो उचलला, परात दुसरीकडे सरकवली आणि म्हणाली, "तुम्हीन करा."

पुढच्या दसऱ्याला ती येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. ती आली. उजवा हात पदराखाली होता. पूजेसाठी मला उघडायला वाल्मिक पुढे झाला तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उघडू नका." मग तिनं डाव्या हातानं वाटी घेतली, माझ्यापुढे बसली आणि माझ्या तारांवर हळद लावली. मग कुंकू. डाव्या हाताची सवय नसल्यानं ते बोट थोडं घसरलं आणि कुंकू लांबट लागलं. पट्ट्याला नाही, चाकाला नाही, मोटरीला नाही. फक्त मला.

मित्रांनो, याच कुंकवासाठी मी इतकी वर्षं फुगून बसले होते. ते मिळालं तेव्हा मला ते नको होतं. माझ्या नावाचं कुंकू कधी लागलं नसतं, मी आपली जागेवर बिनपूजेची बसून राहिले असते आणि रंजनाचे मांडे पलीकडचं ऊन दिसेल इतके पातळ होत राहिले असते, तर माझ्यासारखी सुखी जाळी साऱ्या पांडेसऱ्यात नसती.

आता मी म्हातारी झाले. बिजागरी कुरकुरते. पलीकडच्या खात्यातल्या मोठ्या यंत्राची जाळी कोणीतरी काढून मागच्या आवारात टाकली आहे, असं ऐकते. तिच्यावर या उन्हाळ्यात कुरडया वाळत होत्या म्हणे. कुरडया वाळवणाऱ्या बाईला ती जाळी कोणाची हे ठाऊक नसेल. मी इथून तिला सांगू शकत नाही. कोणालाच काही सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या आईवडिलांच्या कामाच्या ठिकाणी, तुमच्या शेजारच्या गिरणीत, रसवंतीच्या चरकाजवळ कुठे उघडा पट्टा दिसला, भिंतीला टेकलेली एखादी जाळी दिसली, तर ती कोणाची आहे ते विचारा. "पछी" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. रंजना उभी राहायची तसे नट आवळेपर्यंत तिथंच उभे राहा.

आधी जाळी लावा, मग जेवा. मला हात नाहीत. मला जागेवर बसवायला तुमचेच हात लागतात.